रेघेची जाडी

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. आमचे अण्णा मोजणी खात्यात भूकरमापक होते. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की कधीमधी मला बरोबर न्यायचे. माझं काम एकच, छत्री धरायची. ती त्यांच्या डोक्यावर नव्हे, फलकावर. तीन पायांच्या घोडीवर लाकडी फलक, त्यावर ताणून लावलेला कागद, आणि त्या कागदावर सोलापूरचं ऊन पडलं की असा झगमगाट व्हायचा की पेन्सिलीची खूण शोधावी लागायची. शिवाय उन्हानं कागद आखडतो म्हणायचे. "मी भाजलो तर चालेल, कागद भाजायला नको."

गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातलं. दोन सख्खे भाऊ, दोघांच्या शेतांमध्ये एक बांध आणि बांधावर एक जुना लिंब. थोरल्याचं म्हणणं, धाकट्यानं नांगर धरता धरता बांध कोरून दीड हात आत घेतला. धाकट्याचं म्हणणं, लिंब आधीपासून माझ्याच बाजूला आहे, आजोबांनी लावलेला, गावात कुणालाही विचारा. गावातली अर्धी माणसं तिथंच बसली होती, पण कुणी विचारत नव्हतं आणि कुणी सांगत नव्हतं. शेवटी धाकटा वैतागून म्हणाला, "साहेब, नकाशात बघा आणि सांगा की. नकाशा काय खोटं बोलतंय का?"

अण्णांनी दप्तरातून गावनकाशा काढला. मागून कापड लावलेला, घड्यांवर विरलेला. जिथं दोन घड्या एकमेकींना छेदत होत्या तिथं बोटभर भोक पडलं होतं, आणि जमिनीवर बरोबर त्या जागी एका पाटलांची विहीर होती. सगळे त्या भोकाला हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी धाकट्याला जवळ बोलावलं आणि पेन्सिलीचं टोक एका रेघेवर टेकवलं.

"हा तुमचा बांध. किती जाड आहे रेघ?"

"केसाएवढी, साहेब."

"हा केस जमिनीवर आठ फूट भरतो. तुमचं सगळं भांडण या रेघेच्या पोटात मावतंय."

धाकटा कितीतरी वेळ त्या रेघेकडं बघत राहिला. थोरला मागून म्हणाला, "म्हंजे मग नकाशा बघायचाच नाही का?" याचं उत्तर अण्णांनी काय दिलं ते मला आठवत नाही. मोजणीत काय निघालं तेही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दुपारी थोरल्याच्या घरचं ताक आलं, ते धाकट्यालाही दिलं, आणि त्यानं लिंबाखाली पाठ करून ते प्यालं.

हिशेब मी त्या रात्री वहीत मांडून पाहिला. ज्या नकाशावर १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर, त्यावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ अडीच मीटरची होते. आठ फुटांहून थोडी जास्तच. अण्णांनी तोंडी सांगितलं होतं, ते बरोबर निघालं. मला मात्र फसवल्यासारखं वाटलं. रेघ म्हणजे जिला जाडी नसते, असं भूमितीच्या सरांनी शिकवलं होतं.

मोजणी होते ती टिपणावरून, हे पुढे कळलं. टिपण म्हणजे शेताचं कच्चं चित्र. दिसायला गबाळं. शेत लांबट असलं तरी टिपणात ते आखूड दिसेल, कोपरा भलतीकडंच वळेल, कारण तिथं प्रमाण धरलेलं नसतं. पण प्रत्येक कडेला आकडा असतो. जुन्या टिपणांत तो साखळी आणि आण्यांत असायचा. शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. हे गणित मला पाढ्यांच्या आधी आलं. अण्णा म्हणायचे, टिपण बघून कुणी फसत नाही, कारण ते बघून शेत दिसतच नाही, आकडे वाचावे लागतात. नकाशा बघितला की शेत दिसतं, आणि दिसलं की माणूस वाचायचं थांबतो.

टिपणावरून नकाशा तयार होताना खाडाखोड मागं राहते. "येथे हद्दीचा दगड मिळून आला नाही" असला शेरा मागं राहतो. पुढं येते ती एकसारखी काळी रेघ, जिथं दगड सापडला तिथंही आणि जिथं सापडला नाही तिथंही. बोलताना माणूस अडखळतो, डोकं खाजवतो, "असंल बहुतेक" म्हणतो. नकाशाकडं अडखळायची सोयच नाही. मला त्याच्याबद्दलची हीच तक्रार आहे, बाकी मी त्याच्यावरच पोट भरतो.

म्हणजे असं, की मी टॉवेलच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. सोलापूर बाहेरच्यांना चादरीमुळं माहीत आहे, पण परदेशी जातो तो माल जास्त करून टेरी टॉवेल. आमच्या ऑफिसात मालकांच्या खुर्चीमागं जगाचा मोठा नकाशा लावलेला आहे आणि जिथं जिथं माल गेला तिथं रंगीत टाचण्या. गेल्या वर्षी एक पोरगा कामाला लागला, बीकॉम झालेला, चौकस. आठ दिवस त्या नकाशासमोर चहा प्यायला आणि मग मला हळूच म्हणाला, "सर, या ग्रीनलंडला आपला एकही टॉवेल जात नाही? केवढा देश आहे बघा. शिवाय थंडी. मार्केट मोठं असणार."

हसू दाबून मी त्याला ग्रीनलंडची लोकसंख्या शोधायला सांगितली. साधारण ५६ हजार निघाली. २०११ च्या जनगणनेत आपलं सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं होतं. मग क्षेत्रफळ शोधायला लावलं. ग्रीनलंड साडेएकवीस लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, भारत जवळजवळ ३३ लाख. म्हणजे भारत दीडपट. आणि आफ्रिका तीन कोटींच्या पुढं, ग्रीनलंडच्या चौदापट. भिंतीवर मात्र ग्रीनलंड आणि आफ्रिका जुळ्या भावांसारखे टांगलेले. पोराचा चेहरा मोजणीच्या दिवशी त्या धाकट्याचा झाला होता तसा झाला.

आता यात कुणी खोटं बोललेलं नाही. पृथ्वी भोपळ्यासारखी आहे आणि भिंत कडक भाकरीसारखी. भोपळ्याची साल काढून ती भाकरीसारखी सपाट थापायची म्हटली तर एकतर ती फाटणार, नाहीतर कडेनं ताणावी लागणार. १५६९ साली मर्केटर नावाच्या नकाशाकारानं ती ताणली, आणि ती मुद्दाम अशी ताणली की नकाशावर सरळ रेघ मारली आणि होकायंत्राचा तेवढा कोन धरून ठेवला की जहाज ठरल्या ठिकाणी पोचावं. दर्यावर्दी माणसाला याहून मोठी देणगी ती काय. ध्रुवांकडचे प्रदेश फुगले तर फुगू देत, तिकडं जायचंय कुणाला. तो नकाशा तांडेलाच्या टेबलावर होता तोवर कुणाची दिशाभूल झाली नाही. तो वर्गाच्या आणि ऑफिसच्या भिंतीवर आला, जिथं कुणालाच होकायंत्र धरायचं नव्हतं, आणि तिथं तो देशांची मापं सांगायला लागला. मालकांना मी हे एकदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बरं दिसतंय ना? मग राहू दे." नकाशा आहे तिथंच आहे.

ताणल्यामुळं होते ती चूक तरी समजण्यासारखी. रिकामी जागा सहन न झाल्यानं जे होतं ते जास्त गमतीचं. जेम्स रेनेल हे नाव मोजणी खात्यातल्या माणसांच्या कानावर असतं. ईस्ट इंडिया कंपनीनं १७६७ साली त्याला बंगालचा सर्व्हेअर जनरल नेमलं आणि तेच साल सर्व्हे ऑफ इंडियाच्या स्थापनेचं धरतात. गंगेच्या मुखाकडचा तो चिखल, ती सरकणारी पात्रं त्यानं वर्षानुवर्षं हिंडून मोजली. इतका कष्टाळू माणूस. पण पुढं इंग्लंडला परतल्यावर १७९८ साली त्यानं पश्चिम आफ्रिकेचा नकाशा काढला. मंगो पार्क नावाच्या प्रवाशानं दक्षिणेकडं लांबवर डोंगर दिसल्याचं सांगितलं होतं. रेनेलनं त्या डोंगरांची एक सलग रांग काढली आणि ती पूर्वेकडं लांबच लांब ओढत नेली. तिला नाव पडलं कोंग पर्वत. पुढची नव्वद वर्षं एकाचं बघून दुसरा ते डोंगर काढत राहिला. १८८७ ते १८८९ या काळात बिंजे नावाचा फ्रेंच अधिकारी प्रत्यक्ष त्या भागातून गेला. पर्वत नव्हताच.

बंगालमध्ये ज्यानं पायानं मोजलं त्यानंच आफ्रिकेत कानानं मोजलं, आणि दोन्हीकडं शाई सारखीच वापरली. मला यात रेनेलचा राग येत नाही. रिकामा कागद समोर ठेवून बसायला लागलं की हात शिवशिवतो, हे मी अण्णांच्या सहकाऱ्यांत पाहिलेलं आहे. आणि हे जुन्या काळातच व्हायचं असंही नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनियाच्या मधे सँडी आयलंड नावाचं बेट होतं. १८७६ साली एका जहाजानं त्याची नोंद केली आणि ते पुढं संगणकावरच्या नकाशांतही उतरलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज तिथं गेलं तर खाली हजार मीटरहून खोल समुद्र.

हे सगळं लांबचं. आपल्या जिल्ह्यातली गोष्ट सांगतो, कारण तिच्यात पर्वतापेक्षा मोठी फसगत आहे.

सोलापूरहून बार्शी रोडनं निघालं की वीसेक किलोमीटरवर नान्नज. माळढोक अभयारण्याचं नान्नज. पुण्याहून आमचे व्याही आले तेव्हा त्यांनी मोबाईलवर तिथं हिरवा पट्टा बघितला आणि म्हणाले, "चला, जरा जंगलात जाऊन येऊ." गेलो. गाडीतून उतरले आणि चारी बाजूंना बघायला लागले. "झाडं कुठायत?" झाडं नाहीतच. गवत आहे. वाऱ्यानं लवणारं, कडक उन्हात पिवळं पडलेलं, मधे एखादी बोर. लांब काळवीट चरत होते ते त्यांना दाखवले, पण त्यांचं मन लागेना. नकाशावर हिरवं म्हणजे झाडी हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की समोर जिवंत माळरान असून त्यांना ओसाडच दिसलं.

आणि त्यांना कशाला हसू, महसुलाच्या भाषेतही माळाला 'पडीक' म्हणतात. ज्या जमिनीवर माळढोक अंडं घालतो, लांडगा पिल्लं वाढवतो, मेंढपाळ पावसाळ्यानंतर कळप आणतो, ती कागदावर पडीक. मग पडीक आहे तर झाडं लावा, पडीक आहे तर कारखाना काढा. माळढोकाला तर उलट झाडी नकोच असते, त्याला लांबवर मोकळं दिसायला लागतं.

दुसरी बाजू आणखी विचित्र. १९७९ साली हे अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर, सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेलं. अख्खा सोलापूर जिल्हा पंधरा हजारांच्या आतला, म्हणजे निम्म्याहून मोठा जिल्हा भरेल एवढी जमीन त्या रेघेच्या आत. त्यात गावं, बाजारपेठा, हमरस्ते, ऊस, सगळं आलं. पक्षी राहायचा तो गवताच्या मोजक्या तुकड्यांत. नकाशा बघणाऱ्याला वाटावं, केवढं मोठं राखलंय पाखरासाठी. आत राहणाऱ्या शेतकऱ्याला जमिनीच्या व्यवहारापासून बांधकामापर्यंत अडचणी दिसायच्या आणि राग निघायचा तो पाखरावर. पुढं हद्द आक्रसून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. तोवर माळढोकच आक्रसत गेला होता. आता नान्नजला एखादा दिसला तर पेपरात बातमी येते.

हिरव्याची ही कथा, तशीच निळ्याची. भीमेवरचं उजनी धरण कुठल्याही नकाशावर बघा, निळंशार. मे महिन्यात बघा नाहीतर सप्टेंबरात. सोलापूरकर मात्र उजनी टक्क्यांत बोलतो. "शंभर झाली का?" हा आमच्याकडं श्रावणातला नमस्कार आहे, आणि उन्हाळ्यात "मायनसमध्ये गेली" ही कुजबुज. बाहेरच्या माणसाला धरण मायनसमध्ये कसं जातं ते कळत नाही. खाली ६३ टीएमसीहून थोडा जास्त मृत साठा आहे, त्याला हात लागला की उणे मोजतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तो आकडा उणे पन्नासच्याही खाली गेला. पाणी इतकं हटलं की पळसदेवचं एरवी बुडालेलं देऊळ उघडं पडतं, लोक चालत जाऊन दर्शन घेतात. मोबाईलवर मात्र तो दर्शन घेणारा माणूस निळ्या पाण्याच्या मधोमध ठिपका होऊन उभा असतो.

त्या धरणातलं पाणी शंभरेक किलोमीटर नळातून येऊन आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांआड पोचतं, आणि पोचतं ते चावीवाल्याच्या हातून. पहाटे तो सायकलवर येतो, हँडलला अडकवलेली लांब लोखंडी चावी रस्त्यावर टेकवतो, लोखंडी झाकण पायानं सरकवतो. मग चावी खाली घालून अंग टाकून फिरवायला लागतो आणि ओठांतल्या ओठांत मोजतो. एकदा त्याला विचारलं, काय मोजताय? म्हणाला, "आटे. तुमच्या बाजूला तेरा आटे सोडायचं. चौदावा सोडला की खालच्या बोळात पाणी चढत नाही, बायका माझ्या नावानं बोंब मारतात." मी विचारलं, हे कुठं लिहून ठेवलंय का? त्यानं चावी वर ओढली, पुसली आणि म्हणाला, "लिहिलं तर मला सुट्टी घेता येईल की." पुढच्या महिन्यात त्याला ताप आला. बदली माणूस हातात नळांचा नकाशा घेऊन आला होता. नकाशावर सगळे व्हॉल्व बरोबर होते, आटे नव्हते. खालच्या बोळात दोन दिवस खरंच बोंब झाली.

लाल रंगाबद्दल लांबण लावत नाही, सगळ्यांनी भोगलेलं आहे. २०२० च्या एप्रिल अखेरीस केंद्राची करोनाची यादी आली आणि सोलापूर जिल्हा रेड झोन. टीव्हीवर करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत अकरा तालुके एकाच लाल डब्यात. माळशिरसकडच्या माझ्या मावसबहिणीचा फोन, "अरे, आमच्या गावात अजून एक पेशंट नाही आणि मुंबईची नणंद मला विचारते, जिवंत आहेस ना?" तिच्या गावापासून सोलापूर शंभर किलोमीटर. पण रंगाला अंतर कळत नाही, त्याला फक्त जिल्ह्याची हद्द कळते.

मग ते विमान. होटगी रोडच्या विमानतळाचं चिन्ह नकाशावर कित्येक वर्षं होतं, एक छोटं निळं विमान, कायम उड्डाणाच्या बेतात. आमचे परदेशी ग्राहक ते बघून ईमेल करायचे, थेट सोलापूरला उतरतो. त्यांना सांगावं लागायचं की बाबांनो, पुण्याला उतरा आणि पुढं चार-पाच तास गाडीत बसा. मधे काही काळ विमान आलं, बंद पडलं. अडचणींच्या यादीत साखर कारखान्याची चिमणी वर्षानुवर्षं वर होती. गंमत अशी, की शहराच्या नकाशावर ती चिमणी म्हणजे एक टिंब. वरून बघितलं की उंचीच नाहीशी होते. ज्या टिंबावरून मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, ते वैमानिकासाठी नव्वद मीटरचं होतं. १५ जून २०२३ ला ती पाडली. आम्ही कारखान्याच्या गच्चीवरून धूळ बघितली. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुटलं आणि नकाशावरचं ते चिन्ह एकदाचं खरं झालं. चिन्हात काडीचाही फरक पडला नाही, आधीही तेच होतं.

मोबाईलचा नकाशा येण्याआधी आम्ही फसत नव्हतो, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. सोलापूरचा माणूस पत्ता सांगतो तो गेलेल्या वस्तूंवरून. बंद पडलेल्या टॉकीजच्या समोर, मिलच्या भोंग्याजवळ, पूर्वी जिथं चिंच होती तिथून डावीकडं. मिल गेली, भोंगा गेला, चिंच गेली, पत्ता तोच. पूर्व भागात अशोक चौकाच्या पलीकडं एका विणकराकडं जायचं होतं. मोबाईलनं मला तीन बोळांतून फिरवून एका भिंतीसमोर उभं केलं. तिथं ओट्यावर बसलेल्या तेलुगू आजोबांनी माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं आणि म्हणाले, "ते बंद करा ओ मालक. त्याला वाटतंय इथनं वाट आहे. होती. भिंत घालून दहा वर्षं झाली." मग त्यांनी रस्ता सांगितला, तो एका हलवलेल्या पानपट्टीवरून. मीही तासभर फिरलो. सात रस्ता नावाच्या चौकाचं तर सांगायलाच नको. मी जेव्हा जेव्हा मोजले तेव्हा कधी सहा भरले, कधी आठ.

फरक एवढाच, की आजोबा चुकले तर मी पुढच्या ओट्यावर पुन्हा विचारतो. मोबाईलमधल्या बाईच्या आवाजात मात्र शंकेचा सूर नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ तिघेजण त्या आवाजाच्या भरवशावर रामगंगेच्या पुलावर चढले. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेलेला होता. गाडी खाली कोसळली, तिघेही गेले. पूल तुटल्याचं गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असणार. त्या आवाजाला माहीत नव्हतं, आणि "माहीत नाही" असं म्हणायला त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

बर्लिनमध्ये २०२० साली एका कलाकारानं ९९ जुने मोबाईल हातगाडीत भरले आणि रिकाम्या रस्त्यावरून ती ओढत नेली. नकाशाला त्या ९९ गाड्या वाटल्या, रस्ता लालभडक, वाहतूक कोंडी. हे वाचलं तेव्हा मला आपली गड्ड्याची जत्रा आठवली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज शहराच्या भोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करायला निघतात. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावाच्या पंचक्रोशीत ती लिंगं स्थापली. आता त्यातलं एखादं घरांच्या गर्दीत, एखादं दुकानाच्या आडोशाला. नवी पेठ, नवे रस्ते, उड्डाणपुलांचे बेत, काही होवो, नंदीध्वजांच्या काठ्या आपल्या वाटेनं जातात. त्या दिवशी मी फोन उघडून बघितला तर सगळा मार्ग लाल आणि खाली सूचना, पर्यायी रस्त्यानं सात मिनिटं वाचतील. पांढऱ्या बाराबंदीतला एक म्हातारा अनवाणी माझ्या पुढून गेला. त्याच्याकडं फोन होता की नाही कुणास ठाऊक, पण त्या लाल रेघेत तोही एक गाडी म्हणून मोजला गेला असणार.

अण्णा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. गुडघे गेलेत, नजर शाबूत आहे. परवा नातीनं त्यांना फोनवर उपग्रहाचं चित्र दाखवलं. आधी आमचं घर शोधलं, मग सिद्धेश्वर तलाव, मग किल्ला. अण्णा म्हणाले, "दक्षिणेला ने." गावाचं नाव सांगितलं. मला ते नाव चाळीस वर्षांत आठवलं नव्हतं. नात बोटानं सरकवत गेली आणि शेतांचे तुकडे आले, भुरे, हिरवे, मधे एक काळा ठिपका.

"लिंब," अण्णा म्हणाले.

मी सांगितलं, तो लिंब तर दोन वर्षांपूर्वी पाडला. माल घेऊन गेलेल्या आमच्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं, तिकडचा रस्ता मोठा केला, कडेची सगळी झाडं गेली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. चष्मा कपाळावर ढकलला आणि फोन नाकाशी धरला.

"सावली पश्चिमेला पडलीय. सकाळचे दहा-साडेदहा." थोडं थांबून म्हणाले, "आणि लांब आहे. थंडीचे दिवस."

"आणि बांध?" मी विचारलं.

त्यांनी अंगठ्यानं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, लिंब फुटून नुसते हिरवे-काळे चौकोन राहिले.

"सावलीखाली आहे," ते नातीला म्हणाले. "जरा हलव ती."